खुब्याचा अस्थिभंग: ज्येष्ठांसाठीच्या स्वतंत्र कक्षाचा खरोखर उपयोग होतो का?

प्रश्न
माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. न्हाणीघरात पाय घसरून त्यांचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. परंतु त्याच रात्रीपासून त्यांना भ्रम होऊ लागला, त्या आम्हाला ओळखेनाशा झाल्या आणि घरी आल्यावरही त्यांचे चालणे पूर्ववत झालेले नाही. काही रुग्णालयांत वृद्धांसाठी वेगळा विभाग असतो, असे ऐकले. त्यामुळे रुग्णाला खरोखर फरक पडतो, की केवळ मुक्काम आणि खर्च वाढतो?

प्रतिसाद १ (वृद्धरोगचिकित्सा विभागातील डॉक्टर)
फरक पडतो, आणि तो मोजलेला आहे. नॉर्वेतील ट्राँडहाइम येथे खुबा मोडलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या ३९७ रुग्णांपैकी निम्म्यांना अस्थिरोग कक्षात, तर निम्म्यांना वृद्धरोग कक्षात ठेवले गेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चार महिन्यांनंतर दुसऱ्या गटातील रुग्णांची हालचाल अधिक चांगली होती. त्यांचा रुग्णालयातील मुक्काम सरासरी सुमारे दीड दिवस जास्त होता, हे खरे. मात्र त्यांच्यापैकी २५ टक्के रुग्ण थेट स्वतःच्या घरी गेले, तर अस्थिरोग कक्षातील केवळ ११ टक्के. म्हणूनच नुसते खाटेचे दिवस मोजून कार्यक्षमता ठरवणे मला चुकीचे वाटते; रुग्ण स्वतःच्या पायांनी शौचालयापर्यंत जाऊ शकतो का, हे आधी विचारायला हवे.

प्रतिसाद २ (परिचारिका)
सासूबाईंना झालेला भ्रम म्हणजे वेड नव्हे. वेदना, जंतुसंसर्ग, शरीरातील पाण्याची कमतरता, बद्धकोष्ठता, झोपेची औषधे, अनोळखी जागा यांतून तो उद्भवतो, आणि बऱ्याचदा टाळताही येतो. चष्मा व श्रवणयंत्र हाताशी ठेवणे, लघवीची नळी लवकर काढणे, रात्री विनाकारण न उठवणे, दुसऱ्याच दिवशी खुर्चीत बसवणे, घरचे माणूस जवळ असू देणे: ही कामे महागडी नाहीत, पण ती कोणाची तरी ठरलेली जबाबदारी असावी लागते. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा उपायांमुळे भ्रमाचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले होते, आणि तेही सर्वसाधारण वैद्यकीय कक्षात.

प्रतिसाद ३
हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत दहा खाटांच्या कक्षाची तरतूद आहे आणि मुंबईतील जे. जे. रुग्णालय हे त्याचे एक प्रादेशिक केंद्र आहे. तरीही तालुक्याच्या गावी असा विभाग मिळेलच असे नाही. तेथे अस्थिरोगतज्ज्ञांना पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचाराव्यात: शस्त्रक्रिया आज किंवा उद्याच होईल का, सर्व औषधांची फेरतपासणी कोण करणार, आणि रुग्णाला उभे करण्यासाठी फिजिओथेरपिस्ट केव्हा येणार. सासूबाईंच्या बाबतीत अजूनही उशीर झालेला नाही. चालण्याचे व्यायाम सुरू करावेत, आणि हाडांच्या ठिसूळपणावरील उपचार अद्याप सुरू नसतील तर त्याविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे, कारण दुसरा खुबा मोडण्याचा धोका त्यांना आता अधिक आहे.