दारुमाच्या जागी पोरगी? जपानी वुडकटमधला विनोद कळंना

खानापूरचा_रंगारी
नमस्कार मंडळी. मी बेळगावात पेंटिंग शिकालोय, सोमवारी सेमिनार हाय आणि विषय पडलाय जपानी वुडकट, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेली चित्रं. त्यात सुझुकी हारुनोबूचं एक चित्र हाय, एक नाजूक पोरगी लव्हाळ्याच्या काडीवर उभारून पाणी पार करालीय, खाली लिहिलंय दारुमाचं विडंबन. सर म्हणाले ह्यात विनोद हाय. मी चार दिवस बघालोय, हसू काय येईना. कुणी सांगेल काय?

टिळकवाडीची_वाचनवेडी
आधी दारुमा कोण ते बघ. दारुमा म्हणजे आपला बोधिधर्म की, भारतातून चीनला गेला म्हणतात तो, झेन पंथाचे बौद्ध लोक त्याला मूळपुरुष मानतात. लव्हाळ्यावर उभारून यांगत्से नदी ओलांडली आणि मग भिंतीकडं तोंड करून नऊ वर्षं बसला अशी कथा. चित्रात तो दाढीवाला, डोळे वटारलेला. त्यामुळं एदोतल्या, म्हणजे आत्ताच्या टोकियोतल्या, माणसाला लव्हाळं दिसलं की दारुमा आठवणारच, आणि वर बघतो तर किमोनोतली पोरगी! अजून एक किस्सा सांगतात, योशिवारा म्हणजे तिथली वेश्यावस्ती, तिथली एक बाई म्हणाली म्हणे, नऊ वर्षांचं काय कौतिक, आम्ही इथं दहा वर्षं बसतो. हे वाचल्यावर माझं तरी हसू गेलं.

निपाणीचा_ढोलकीवाला
भावा लांब कशाला जातोस, तमाशातली गवळण बघ की. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाटेत कृष्ण, पेंद्या, आणि मावशी बोलणार काय तर निपाणीच्या बाजारातला दर आणि आधार कार्ड. ज्याला कृष्णच ठाऊक नाही त्याला मावशी काय हसवणार? तुझं बी तेच झालंय.

मराठीचा_मास्तर_हुक्केरी
विडंबन शब्दानंच घोटाळा केलाय. जपानी शब्द मिताते, त्याचा अर्थ एकात दुसरं बघणं. टिंगल असेलच असं नाही. हारुनोबूचीच 'घरातली आठ दृश्यं' मालिका बघा. चिनी चित्रकारांची नदीकाठची आठ दृश्यं फार मानाची, त्यात लांबच्या देवळाची सांजघंटा, वाळूवर उतरणारे हंस, परतणारी शिडं असं सगळं. ह्यानं घंटेच्या जागी घड्याळाचे टोले घेतले, हंसांच्या रांगेच्या जागी कोतो वाद्याच्या तारांखालच्या तिरप्या घोड्या, आणि शिडांच्या जागी काय, तर दांडीवर वाऱ्यानं हलणारा पंचा! इथं कुणाची थट्टा झाली? नाथांच्या भारुडात विंचू चावतो आणि आपण कामक्रोधाकडं जातो, इथं उलटी वाट, थोर चित्रातून माजघरात. गवळण मात्र ढोलकीवाल्यांनी बरोबर पकडलीय.

शहापूरचा_प्रेसवाला
मला त्यातलं साहित्य कळत नाही, छपाई कळते. 1765 साली एदोतल्या पैसेवाल्या हौशी लोकांत चित्रांची कॅलेंडरं एकमेकांना द्यायचं फॅड आलं. त्यांच्यात महिना 30 नाहीतर 29 दिवसांचा, कुठला मोठा कुठला लहान ते दरवर्षी बदलायचं, तर ते आकडे किमोनोच्या नक्षीत नाहीतर पट्ट्यात लपवायचे, शोधा म्हणायचे. हौसेला मोल नाही त्यामुळं भरपूर रंग परवडले, आणि त्यातनंच निशिकी-ए म्हणजे भरजरी कापडासारखी चित्रं आली. प्रत्येक रंगाला चेरीच्या लाकडाचा वेगळा ठसा, आणि कागद हलू नये म्हणून ठशाच्या एका कोपऱ्यात काटकोनी खाच आणि कडेला एक सरळ खाच, त्याला केंतो म्हणतात. सगळं हातानं! इथं माझ्या मशीनवर रजिस्टर, म्हणजे रंगांची जुळणी, जरा सरकलं की लग्नपत्रिकेवरच्या गणपतीला दोन सोंडा निघतात.

खानापूरचा_रंगारी
ताई, मास्तर, काका, ढोलकीवाले भाऊ, लई उपकार झाले. आत्ता परत चित्र बघितलो आणि खरंच हसू आलं. सेमिनारची सुरुवात पंच्यापासनं करतो. तेवढं ते दहा वर्षांचं सरांसमोर सांगू काय नको?

टिळकवाडीची_वाचनवेडी
सांग की. पण हसत नको सांगू.