नव्या टाकीत गप्पी मासे तडफडतात, काय करू?

प्रश्न: २ फुटी टाकी, ६० लिटर नळाचं पाणी, स्पंज फिल्टर. एकदम १२ गप्पी सोडले. चौथ्या दिवसापासून वर येऊन धापा टाकतात, कल्ले लालभडक. पाणी तर नितळ आहे!

उत्तर १: नितळ पाण्यातही अमोनिया (माशांची घाण आणि उरलेलं खाणं यांतून तयार होणारं, डोळ्यांना न दिसणारं विष) असू शकतो. तो पचवणारे जिवाणू स्पंजवर वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. आजच २० लिटर पाणी बदला, नव्या पाण्यात क्लोरीन काढणारं औषध टाकाच. खाणं दोन दिवस बंद.

उत्तर २: आणि कृपा करून स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा. निरोगी जुन्या टाकीतला स्पंज मिळाला तर सोन्याहून पिवळं.

उत्तर ३: पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट (जिवाणू अमोनिया पचवताना बनणारं, तेही विषारी) शून्य येईपर्यंत नवे मासे नकोत.