स्नायू सैल असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला सायकल कशी शिकवावी?

दुधनाकाठ

नमस्कार. आम्ही परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. माझी धाकटी मुलगी नऊ वर्षांची असून तिसरीत शिकते. तिचा जन्म सातव्या महिन्यात झाला. तिने मान उशिरा धरली आणि पहिले पाऊल टाकले ते अडीच वर्षांची झाल्यावर. डॉक्टरांच्या मते तिची समज वयाप्रमाणे आहे आणि झटके तिला कधीही आलेले नाहीत. परंतु पोटाचे व पाठीचे स्नायू सैल आहेत, डाव्या हाताची पकड उजव्यापेक्षा कमी आहे आणि दोन हालचाली एकाच वेळी करायच्या झाल्या की तिचा गोंधळ उडतो. जिना ती आता कठडा न धरता चढते, उतरताना मात्र धरावा लागतो.

तिच्या थोरल्या बहिणीला आठवीत गेल्यावर मानव विकास कार्यक्रमातून शाळेसाठी सायकल मिळाली, तेव्हापासून धाकटीलाही सायकलचा ध्यास लागला आहे. मागच्या दिवाळीत आम्ही वीस इंची सायकल घेतली आणि तिला बाजूची छोटी चाके लावून घेतली. वर्षभर तिने ती अंगणात चालवली, पण सारा भार कायम उजव्या छोट्या चाकावर टाकून. चाके काढल्यावर दोन हात अंतरही गेली नसेल, तोच अंग ताठ करून तिने हँडल सोडून दिले आणि ती पडली. लागले फारसे नाही. भीती मात्र अशी बसली की आता सायकल ओसरीत धूळ खात उभी आहे.

आम्ही लहानपणी तासाच्या भाड्याने आणलेल्या मोठ्या सायकलच्या नळीखालून पाय घालून शिकलो. ‘पडल्याशिवाय सायकल येत नाही’ एवढे एकच शास्त्र मला ठाऊक आहे आणि या लेकराच्या बाबतीत ते उपयोगाचे नाही, हे कळून चुकले आहे. गावातली शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीची शाळा तीन किलोमीटरवर आहे. अशा मुलांना शिकवण्याचा काही वेगळा क्रम असतो का? की तिचे स्नायू बळकट होईपर्यंत थांबणेच योग्य?

लातूरची फिजिओ

नमस्कार दादा. आपण लिहिलेले वाचून थांबण्याचे कारण मला दिसत नाही; तरी सुरुवातीपूर्वी डोळ्यांची तपासणी एकदा करून घ्यावी, कारण मुदतीपूर्वी जन्मलेल्या मुलांमध्ये तिरळेपणा व इतर दृष्टिदोष अधिक आढळतात आणि बाजूची वस्तू नीट दिसत नसेल तर तोल शिकवण्याचे सारे कष्ट वाया जातात.

आता मुख्य मुद्दा. दुचाकी सरळ राहते ती अंग ताठ धरल्यामुळे नव्हे, तर ती ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवल्यामुळे. आपण मोठी माणसे हे नकळत करतो. बाजूची चाके लावलेली सायकल मुळात कलतच नाही, त्यामुळे मुलाला ही गोष्ट शिकण्याची संधीच मिळत नाही; उलट वळणावर शरीर बाहेरच्या बाजूला झुकवण्याची सवय लागते आणि ती पुढे मोडावी लागते. ज्या मुलांच्या हालचाली सहज जुळून येतात ती मुले ही सवय आठ दिवसांत मोडतात. आपल्या मुलीसारख्या मुलांना जुनी हालचाल विसरून नवी बसवणे फार जड जाते. वर्षभराच्या सरावानंतरही ती पडली, यात तिचा दोष नाही. त्या वर्षात तिने तीनचाकी चालवण्याचा सराव केला होता.

म्हणून क्रम उलटा घ्यावा: आधी तोल, मग ब्रेक आणि पायडल सर्वांत शेवटी. सायकलची दोन्ही पायडल काढून टाकावीत आणि सीट इतकी खाली घ्यावी की तिच्यावर बसल्यावर दोन्ही तळपाय टाचेसकट जमिनीवर टेकतील आणि गुडघे किंचित वाकलेले राहतील. पाय केव्हाही टेकवता येतो ही खात्री शरीराला पटली की निम्मी भीती तिथेच जाते. पहिले काही दिवस तिने सीटवर बसून नुसते चालायचे. मग पावले आपोआप लांब होऊ लागतात, आणि एखाद्या दिवशी दोन पावलांच्या मध्ये दोन्ही पाय क्षणभर उचलले जातात. तो क्षण घाईने आणू नये. तिथून पुढे पाय उचलून किती आकडे मोजता येतात, एवढाच खेळ ठेवावा.

एका वेळी एकच सूचना द्यावी. ‘समोर बघ, हँडल सरळ धर, पाय उचल’ असे एका दमात सांगितले तर दोन हालचाली जुळवतानाच दमणारे मूल तिथेच गोठते. आपण लिहिले आहे तसे अंग ताठ होते ते बहुधा यामुळेच. नजर पुढच्या चाकावर जात असेल तर ‘वर बघ’ म्हणण्यापेक्षा समोर दहा-पंधरा पावलांवर तिच्या ताईला उभे करावे. सराव पंधरा मिनिटांपेक्षा अधिक नको, आणि थकल्याची खूण दिसण्याआधीच थांबवावा, कारण सैल स्नायूंची मुले आधी दमतात आणि मग चुकीची हालचाल शिकतात.

आधार देताना सीट किंवा हँडल धरू नये; सायकल आपण सांभाळली तर ती कधी कलते हे मुलाला कळतच नाही. एक लांब उपरणे छातीभोवती काखेखालून घेऊन त्याची दोन टोके पाठीमागे आपल्या हातात ठेवावीत. आधार मुलीला मिळतो आणि सायकल तिची तिलाच सांभाळावी लागते.

घरातला व्यायाम विचारला नाहीत, तरी सांगते: पाटावर बसून दोन्ही पाय उचलून चेंडू झेलणे, उताणे झोपून हवेत पायडल मारणे, आणि रोज अंगणात थोडी लंगडी. आपल्या जिल्हा रुग्णालयाशी जोडलेले डीईआयसी केंद्र (मुलांच्या वाढीतील अडचणी लवकर ओळखून उपचार करणारे केंद्र) असेल तर तिथे फिजिओथेरपिस्टना एकदा दाखवावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व पुढील उपचार विनामूल्य होतात.

नांदेडची आई

वरील सल्ला हलक्या स्वरूपाच्या अडचणीसाठी अगदी बरोबर आहे, पण तो सरसकट लागू पडतो असे वाचणाऱ्यांना वाटू नये म्हणून लिहिते. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर परिणाम होणारा विकार) आहे आणि त्याच्या पायांचे स्नायू सैल नसून आखडलेले आहेत. त्याला आम्ही दोन वर्षे दुचाकीच शिकवली पाहिजे असा हट्ट धरला होता. हट्ट खरे तर आमचा होता, त्याचा नव्हता. पाय उचलण्याचा प्रयत्न केला की दोन्ही मांड्या एकमेकींकडे ओढल्या जात आणि तो सीटवरच अडकून पडे. शेवटी एका वेल्डिंगवाल्याकडून जुन्या सायकलला मागे दोन मोठी चाके बसवून घेतली, सीटला पाठ लावली आणि पायडलला पट्टे लावले. तो आता तेरा वर्षांचा आहे आणि दळण आणायला स्वतः जातो. तीनचाकी म्हणजे हार मानणे, असे नातेवाईक बोलून दाखवतात. त्यांच्याकडे लक्ष देणे मी सोडून दिले आहे.

पायडलच्या पट्ट्यांबद्दल मात्र सावध राहावे. तीनचाकीवर ते उपयोगी पडतात. दुचाकीवर तोल येण्याआधी पाय बांधला तर पडताना तो टेकवता येत नाही.

जालन्याचा निवृत्त विज्ञान शिक्षक

पायडल काढण्याची कल्पना आपल्याला विचित्र वाटेल म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. जर्मनीत कार्ल फॉन द्राइस यांनी १८१७ साली जी पहिली दुचाकी चालवून दाखवली तिला पायडल नव्हतेच. स्वार पायांनी जमीन मागे रेटत पुढे जात असे. पायडल आले ते त्यानंतर अनेक वर्षांनी. दुचाकी ज्या क्रमाने घडली त्याच क्रमाने ती शिकणे मला तरी स्वाभाविक वाटते. एक सूचना: जागा अगदी सपाट न निवडता डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतक्या उताराची निवडावी. फार हळू चालणाऱ्या सायकलचा तोल सांभाळणे थोराला सुद्धा अवघड असते; सौम्य उतारावर तिला पाय न मारता थोडा वेग मिळतो.

दुधनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. फिजिओताई, ‘तीनचाकी चालवण्याचा सराव केला’ हे वाक्य मी मुलीच्या आईला वाचून दाखवले. वर्षभर आम्ही तिलाच दोष देत होतो. डोळे तपासून आणले, दोष नाही.

आता अडचण वेगळीच आली आहे. उजवे पायडल सहज निघाले, डावे मात्र पाना तुटेल इतका जोर लावूनही हलत नाही. शिवाय सायकल भुसार दुकानाच्या काट्यावर तोलली तर साडेबारा किलो भरली, आणि मुलगी आहे बावीस किलोची. डाव्या मुठीतला ब्रेक तिच्याकडून पूर्ण दाबला जात नाही. ही सायकल बदलावी का?

अंबाजोगाईचा सायकल मिस्त्री

दादा, जोर लावणे आधी थांबवा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उजवे पायडल सोडवताना पाना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतात, डावे सोडवताना घड्याळाच्या दिशेने फिरवावे लागते. आपण इतके दिवस ते सोडवत नव्हता, आवळत होता. सांध्यावर थोडे तेल सोडून रात्रभर राहू द्या, सकाळी लांब दांड्याच्या पान्याने योग्य दिशेला फिरवा. परत बसवताना पहिले दोन-तीन फेरे हातानेच द्यावेत. आडवे घुसले तर क्रँकचे, म्हणजे पायडल ज्या दांडीत बसते तिचे, आटे जातात आणि खर्च वाढतो.

सायकल बदलू नका, हलकी करा. स्टँड, मागचे कॅरिअर, पुढची टोपली, दोन्ही मडगार्ड आणि चेनकव्हर सराव संपेपर्यंत काढून ठेवले तर हातात उचलूनच फरक कळेल. मात्र चेनकव्हर काढले तर चेनही काढून ठेवा, नाहीतर परकर-पायजमा अडकेल. पायडल नाहीत तोवर तिची गरजही नाही.

ब्रेकचे म्हणाल तर आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना डाव्या मुठीत मागचा आणि उजव्या मुठीत पुढचा ब्रेक असतो. मुलीचा उजवा हात चांगला असल्यामुळे ती घाबरली की पुढचाच ब्रेक करकचून दाबेल आणि सायकल तोंडावर टाकेल. केबलची अदलाबदल करून मागचा ब्रेक उजव्या मुठीत आणावा. अर्ध्या तासाचे काम आहे. मुठीची दांडी बोटांपासून लांब असेल तर बऱ्याच दांड्यांना आतल्या बाजूने एक छोटा स्क्रू असतो, तो आवळला की दांडी जवळ येते. केबल गंजलेली असेल तर नवीच टाका, कारण जुन्या केबलला पैलवानाची पकड लागते.

आपल्या भागातला खरा शत्रू बाभळीचा काटा आणि सराटा. शिकणारे मूल मन घट्ट करून बसते आणि नेमकी तेव्हाच हवा जाते. टायर आणि ट्यूबच्या मध्ये जुन्या ट्यूबची उभी कापलेली पट्टी घालून घ्या.

लातूरची फिजिओ

ब्रेकविषयी मिस्त्रीदादांनी लिहिले ते मीही जपून ठेवते आहे. आम्ही पकडीचे व्यायाम देत राहतो आणि केबल कोणी पाहतच नाही.

दुधनाकाठ

पाच आठवड्यांनंतर लिहितो आहे. डावे पायडल दुसऱ्या दिवशी सकाळी एका झटक्यात निघाले. सराव आम्ही शाळेच्या मुरूम टाकलेल्या मैदानावर सकाळी साडेसहाला करतो. शेताकडची काळी जमीन भेगाळलेली असल्याने उपयोगाची नव्हती आणि ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग असते.

पहिले अकरा दिवस ती फक्त चालली. मला धीर धरवत नव्हता, हे कबूल करतो. उपरण्याची टोके हातात धरून मी मागे चालत असे आणि बाराव्या दिवशी माझ्या लक्षात आले की उपरणे सैलच आहे, तिचा भार त्यावर येतच नाही. थोरली समोर उभी राहून आकडे मोजते. आधी दोन, मग चार, आणि परवा नऊपर्यंत मोजून झाले तरी पाय वरच होते. पडली एकदाच, तीही दगड चुकवताना, आणि स्वतः उठून मागचा ब्रेक दाबून दाखवत म्हणाली, “बाबा, हा आधी दाबायचा राहिला.”

आता पायडल लावा म्हणून तिचा लकडा सुरू आहे. ताई, एकदम दोन्ही लावू का? आणि पहिला जोर कोणत्या पायाने घ्यायला सांगू?

लातूरची फिजिओ

आणखी आठवडाभर दगड मांडून त्यांच्यामधून वळणे घ्यायला लावा. वळताना पाय वर राहू लागले की दोन्ही पायडल आणि चेन चेनकव्हरसकट एकदमच बसवा. सीट पहिले काही दिवस आहे तितकीच खाली ठेवावी, पायडल मारताना गुडघे जास्त वाकले तरी चालेल. उजवे पायडल पुढे आणि थोडे वर आणून तिथे उजवा पाय ठेवायचा, डाव्या पायाने जमीन रेटायची आणि उजव्याने दाबायचे. डावा पाय पायडल शोधण्यासाठी खाली पाहू लागेल. तेव्हा गुरुजींनी सुचवलेल्या सौम्य उताराचा उपयोग करा: सायकल आपोआप चालत असेल तर पाय शोधायला तिला वेळ मिळतो. उपरणे त्या दिवशी पुन्हा बांधा.