राज्यशास्त्रात एमए, विषय शिक्षणधोरणाच्या नीतीचा: पीएचडी कोणत्या विभागातून?

रानवारा:
आरटीईतली (शिक्षणहक्क कायद्यातली) खासगी शाळांमध्ये वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा राखण्याची तरतूद न्यायाच्या कसोटीवर कितपत टिकते, यावर पीएचडी करायची आहे. पाय तिन्हीकडे: राजकीय सिद्धान्त, नीतिशास्त्र, शिक्षणधोरण. नोंदणी राज्यशास्त्रात करावी की शिक्षणशास्त्रात? पुढे प्राध्यापकीच करायची आहे.

चष्मेबहाद्दर:
राज्यशास्त्रातच. सहायक प्राध्यापकाची जाहिरात विषयवार निघते. एमए एका विषयात आणि पीएचडी दुसऱ्यात असली की छाननीत ‘संबंधित विषय’ या शब्दांवरून हरकत निघू शकते. शिक्षणशास्त्रातले कुणी सहमार्गदर्शक म्हणून घ्या, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या पीएचडी नियमांत तशी सोय आहे.

आणि आधी नेट, म्हणजे प्राध्यापकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, काढा. जुलै २०२३पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) ही किमान पात्रता आहे, पीएचडी ऐच्छिक. सेट महाराष्ट्र-गोव्यापुरती आणि तिला फेलोशिप नाही. नेटमधून जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये. शिवाय चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.

तळटीप:
विभाग ठरेल हो, गाडी अडते ती सिनॉप्सिसपाशी, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यापाशी. समितीचा ठरलेला प्रश्न: गृहीतक काय, नमुना किती? मूल्यात्मक प्रबंधात, म्हणजे काय न्याय्य हे तपासणाऱ्या प्रबंधात, नमुना नसतो, युक्तिवाद असतो. हे पद्धतीच्या प्रकरणात आधीच लिहिलं नाही तर शेवटी शंभर पालकांची प्रश्नावली गळ्यात पडते.

‘आरटीई आणि सामाजिक न्याय’ असं मोघम शीर्षक नको. प्रश्न टोकदार हवा. उदाहरणार्थ, कायद्याचं कवच आठवीपर्यंतच आहे. नववीत त्याच शाळेने पूर्ण फी मागितली, तर त्या मुलाचं राज्याकडे नेमकं काय देणं उरतं? इथे समानता की पुरेसेपणा, म्हणजे सगळ्यांना सारखी शिक्षणसंधी की प्रत्येकाला पुरेसं शिक्षण, हा वाद थेट लागू पडतो. डेब्रा सॅट्झ आणि एलिझाबेथ अँडरसन या तत्त्वज्ञांचे पुरेसेपणाच्या बाजूचे लेख २००७चे. विरुद्ध, समानतेच्या बाजूला ब्रिगहाउस आणि स्विफ्ट. पण सुरुवात तिथून करू नका. सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर जातो, ही जोतीराव फुल्यांची १८८२ची हंटर आयोगापुढची (ब्रिटिश सरकारच्या शिक्षण आयोगापुढची) तक्रार वितरणाच्या न्यायाचीच आहे.

रानवारा:
महाराष्ट्र सरकारची फेब्रुवारी २०२४ची एक किलोमीटरची अट घेऊ का? उच्च न्यायालयाने ती जुलैत रद्द केली.

तळटीप:
एका प्रकरणापुरती घ्या. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असली की खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट, यामागे ‘जवळची शाळा पुरेशी’ हे गृहीत आहे. तेच तपासा. न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं म्हणजे अन्याय्य ठरलं, अशी उडी मात्र मारू नका. परीक्षक तिथेच धरतात.