मदत हवी आहे: बाबांच्या नावावरचं इंटरनेट बंद करायचंय, कंपनी म्हणते "त्यांनाच फोन द्या"

मंडळी, डोकं बधिर झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तीन महिन्यांपूर्वी बाबा गेले. घरचं ब्रॉडबँड त्यांच्या नावावर होतं. आई आता आमच्याकडे असते, ते घर बंद आहे. कनेक्शन बंद करायला ग्राहकसेवेला फोन लावला. हे दाबा, ते दाबा करत वीस मिनिटांनी एक मुलगी लाइनवर आली. "खातेदारांना फोन द्या." म्हटलं, "ते गेले." तर म्हणते, "ठीक आहे सर, परत कधी येतील?" शेवटी 'वारले' म्हणावं लागलं. तोवर बाबांच्या बाबतीत हा शब्द मी तोंडातून काढला नव्हता.

मग म्हणाली, नोंदणीकृत नंबरवर ओटीपी पाठवते. इथे माझाच गाढवपणा. एक तरी काम उरकलं म्हणून बाबांचं सिम सगळ्यात आधी बंद करून बसलोय. नंबर बदलून घ्यायचा तर अर्जावर खातेदाराची सही हवी!

मृत्यूचा दाखला ईमेल केला. तक्रार क्रमांक मिळाला. दोन दिवसांनी मेसेज, 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, कृपया आम्हाला स्टार द्या.' बिल मात्र चालूच. पुन्हा फोन केला की नवा क्रमांक, नवा माणूस, पहिल्यापासून तेच दळण. असे चार क्रमांक झालेत. वर विलंब आकार, आणि राउटर परत न केल्यास दंड अशी ताकीद. राउटर घेऊन त्यांच्या केंद्रात गेलो, तर "खातं चालू असताना जमा करता येत नाही."

बायको म्हणते भरून टाक आणि मोकळा हो. पण पुढच्या महिन्याचं बिल येणारच ना? असं खातं कुणी बंद करून घेतलंय का? नेमकं कुणाला लिहायचं?

प्रतिसाद १
भरू नका. एकदा तुमच्या खात्यातून पैसे गेले की पुढची बिलंही तुमच्याचकडे मागतील. मी सासऱ्यांच्या वेळी हेच करून बसले. फोनचा नाद सोडा. एकच पत्र लिहा, त्यात चारही तक्रार क्रमांक तारखांसकट, दाखल्याची प्रत, राउटरच्या सिरीयल नंबरचा फोटो, आणि अमुक तारखेपासून सेवा नको हे एका ओळीत. तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे, पोच मिळेल अशा पोस्टाने. राउटर कुठे जमा करायचा ते लेखी विचारा. जमा केलात की पावती घेतल्याशिवाय हलू नका.

प्रतिसाद २
तक्रार किती तासांत 'बंद' झाली यावर तिथल्या लोकांचं काम मोजतात. काम झालं का, हे कुणी बघत नाही. म्हणून नवा क्रमांक घेऊ नका, जुनाच पुन्हा उघडायला लावा. आणखी एक, कंपनीच्या संकेतस्थळावर 'आयएसओ १०००२' लिहिलंय का बघा. ते तक्रारी हाताळण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, २००४ पासूनचं. तक्रारीची पोच द्यायची आणि समाधान झालं नाही तर पुढे कुठे दाद मागता येईल ते सांगायचं, हे त्यात आहे. मिरवत असतील तर पत्रात आवर्जून लिहा.

आणि सिमचं गांभीर्याने घ्या. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देतात. बाबांच्या बँकेला, ईमेलला तोच जोडलेला असेल तर ओटीपी त्या माणसाकडे जातील. ते आधी बघा, इंटरनेट नंतर.

धागाकर्ता
बाप रे, सिमचं हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्या सकाळी पहिली बँक. ताई, पत्राचा मसुदा रात्री इथेच टाकतो, जरा नजर फिरवाल का? आत्ता लिहिता लिहिताच मेसेज आला, चौथ्या तक्रारीचंही निवारण झालंय म्हणे.