मदत हवी आहे: आजीच्या ओव्यांची ऑडिओ सीडी घरी कशी करावी?

नमस्कार मंडळी,

आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्यांच्या तीन कॅसेट मी लॅपटॉपवर उतरवून घेतल्या आहेत. आता आत्यासाठी त्यांची सीडी करायची आहे. मोबाइलवर ऐकणं तिला जमत नाही, पण तिचा जुना सीडी प्लेअर ठणठणीत आहे.

आधी एमपी३ फाइली तशाच सीडीवर टाकल्या, तर प्लेअरने ती वाचलीच नाही. मग कळलं की ती डेटा सीडी झाली. ऑडिओ सीडीला ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, स्टिरिओ आवाज लागतो आणि तिथे एमबी नाही, मिनिटं मोजायची: ७०० एमबीच्या कोऱ्या सीडीवर ८० मिनिटं. जुने प्लेअर सीडी-आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी) बरेचदा वाचत नाहीत, म्हणून सीडी-आर (एकदाच लिहिता येणाऱ्या) आणल्यात.

अडलंय ते पुढे. माझं रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्‌झचं आहे. ते आधी ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) ४४.१ मध्ये बदलून घ्यावं की सीडी बर्न करणाऱ्या, म्हणजे लिहिणाऱ्या, सॉफ्टवेअरवर सोडावं? सलग ओव्यांचे मी ट्रॅक पाडलेत. ट्रॅक-ॲट-वन्सने (एकेक ट्रॅक सुटा लिहिण्याची पद्धत) मध्ये दोन सेकंदांची शांतता येते आणि ओवी तुटते, ते मला अजिबात नको आहे. डिस्क-ॲट-वन्स (अख्खी सीडी एका दमात लिहिणं) निवडणं पुरेसं आहे, की गॅप वेगळा शून्य करावा लागतो? बर्न करायचा वेग किती ठेवता?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॅसेटची खरखर किती काढावी? नॉइज रिडक्शन लावलं की मागची जात्याची घरघरही जाते. ती राहायलाच हवी, आत्या त्याच आवाजाने जागी व्हायची.

भाऊबीजेला बाबा तिच्याकडे जातील तेव्हा सीडी सोबत द्यायची आहे. कोणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.