ड्रिफ्टचं अलाइनमेंट: चाकं सरळ ठेवून बघू नका

ग्रुप: गेमिंग कट्टा (फक्त सोसायटीतले)

सोहम (ए-५०२): फोर्झा होरायझन ५. रिअर-व्हील ड्राइव्ह, साधारण ५५० हॉर्सपॉवर, ड्रिफ्ट सस्पेन्शन लावलंय. ड्रिफ्टमध्ये (मागची चाकं घसरवत वळण घेताना) शिरताना गाडी ठीक असते. अँगल (गाडीचा तिरकेपणा) वाढवला की पुढची चाकं धरत नाहीत, नाक बाहेर घसरतं. डावीकडून उजवीकडे बाजू बदलताना तर थेट गिरकी. सध्याचं अलाइनमेंट: कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर किती कललंय, वजा म्हणजे आत) पुढे -१.५, मागे -२.०. टो (चाकांची पुढची टोकं आत की बाहेर बघतायत) पुढे-मागे ०. कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं तो मागे किती कललाय) ५.०. आधी कशाला हात लावू?

मंदार (बी-७०३): हे आकडे सर्किटवर ग्रिपने पळवायच्या गाडीचे आहेत. ड्रिफ्टला पुढचं आणि मागचं जवळपास उलटं करावं लागतं. मागचा -२.० कॅम्बर आधी कमी कर, पुढचा वाढव, कास्टर पार ७.० ला ने.

कुलकर्णी काकू (सी-१०२): कोणाची गाडी अलाइनमेंटला आलीये? कालपासून गेटसमोर उभी आहे ती का?

मंदार (बी-७०३): काकू, गेममधली गाडी. गेटसमोरच्या गाडीचं मेन ग्रुपवर टाका.

कुलकर्णी काकू (सी-१०२): बरं बरं. चालू द्या.

सोहम (ए-५०२): दादा, पुढे किती वाढवू? यूट्यूबवर सगळेच -५.० सांगतात, का ते कोणी सांगत नाही.

देशपांडे काका (ए-१०१): मी सांगतो. अलाइनमेंटच्या स्क्रीनवर चाकं सरळ असतात. ड्रिफ्टमध्ये ती कधीच सरळ नसतात. त्यामुळे तो आकडा चाक पूर्ण वळलेलं असताना काय होतो, ते बघायचं.

डावं वळण घे. शेपूट उजवीकडे बाहेर, स्टिअरिंगही उजवीकडे उलट दिलेलं. भार उजव्या बाजूवर, म्हणजे पुढचं उजवं चाक सगळं काम करतंय. नेहमीच्या वळणात भाराचं चाक हे स्टिअरिंगच्या बाहेरच्या बाजूचं असतं. ड्रिफ्टमध्ये तेच चाक स्टिअरिंगच्या आतल्या बाजूला येतं. आणि कास्टर आतल्या बाजूच्या चाकाला पॉझिटिव्ह कॅम्बर देतो, म्हणजे चाकाची वरची कड बाहेर झुकते.

किती? ढोबळ हिशोब: कास्टर गुणिले स्टिअरिंगच्या अंशांची साइन. कास्टर ७ आणि चाक ४० अंश वळलेलं, तर ७ × ०.६४ = साधारण ४.५ अंश पॉझिटिव्ह. तुझ्या -१.५ मध्ये हे ४.५ मिळवले की चाक +३ वर उभं राहतं. त्यात बॉडी रोल (गाडीचं बाजूला कलणं) आणखी भर घालतो. टायर बाहेरच्या कडेवर चालतोय, धरेल कसा?

मंदार (बी-७०३): काकांनी मुळावरच बोट ठेवलं. -५.० ठेवला की पूर्ण लॉकला (स्टिअरिंग टोकापर्यंत वळवल्यावर) तेच चाक साधारण -०.५ वर येतं, रोल धरला तर शून्याच्या आसपास. तिथे टायर पूर्ण रुंदीने रस्त्याला टेकतो.

सोहम (ए-५०२): मग माझा कास्टर ५.० आहे त्याचं काय? त्यात तर पॉझिटिव्ह कमी येत असेल ना?

देशपांडे काका (ए-१०१): बरोबर पकडलंस. ५ × ०.६४ = ३.२. म्हणजे कास्टर ५.० ला पुढे -३.५ ते -४.० पुरतो. कॅम्बर आणि कास्टर वेगळे सोडवायचेच नाहीत. एक हलवला की दुसरा तपासायचा. शिवाय किंगपिन (चाक ज्यावर वळतं तो अक्ष) आतल्या बाजूला कलल्यामुळेही वळलेल्या चाकाला थोडा पॉझिटिव्ह मिळतो. गेमच्या मेनूत तो दिसत नाही, म्हणून हिशोबापेक्षा अर्धा अंश जास्त निगेटिव्ह धरावा.

ईशान (बी-३०१): मी गेमपॅडवर खेळतो, ड्रिफ्ट झोनच्या पॉइंट्ससाठी. पॅडवर एवढा लॉक सतत लागत नाही. २५-३० अंशांवर लांब ड्रिफ्ट ठेवायचा असेल तर पुढे -५.० म्हणजे ग्रिप वाया. ७ × ०.५ = ३.५, तेव्हा -३.५ ते -४.० वर पुढचा भाग जास्त चांगला चालतो. -५.० मोठ्या अँगलवाल्यांसाठी.

मंदार (बी-७०३): मान्य. आणि -५.० ची किंमत सरळ रेषेत मोजावी लागते. टायर आतल्या कडेवर चालतो, ब्रेकला पुढची चाकं लवकर लॉक होतात. हँडब्रेकने शिरणाऱ्याला फरक पडत नाही, तो मागच्या चाकांवर असतो. फूट-ब्रेकने वजन पुढे टाकून शिरणाऱ्याने ब्रेक प्रेशर थोडं कमी करावं.

सोहम (ए-५०२): कास्टर ७.० केला तर बाजू बदलताना नक्की काय सुधारतं?

केतकी (सी-२०४): स्टिअरिंग स्वतःहून गाडी ज्या दिशेला सरकतेय तिकडे वळायला बघतं. असेट्टो कोर्सा या दुसऱ्या गेममध्ये स्टिअरिंग व्हील लावून खेळलं की हे हाताला कळतं: थ्रॉटल सोडला, गाडीने बाजू बदलली की व्हील हातातून सर्रकन फिरतं, आपण फक्त योग्य जागी पकडायचं. कास्टर कमी असेल तर ते आळसावून फिरतं, तोवर शेपूट पुढे निघून जातं. तुझ्या गिरकीचं एक कारण हे असू शकतं.

एक सावधगिरी. कास्टर वाढला की फोर्स फीडबॅक (व्हीलची मोटर हाताला देते तो जोर) जड होतो. लहान मोटरचं व्हील असेल तर क्लिपिंग होतं, म्हणजे सगळ्या ताकदी एकाच कमाल जोरावर येतात आणि टायर कधी सुटला ते कळतच नाही. अशा वेळी कास्टर कमी करू नका, फीडबॅकचा गेन उतरवा.

सोहम (ए-५०२): माझ्याकडे पॅडच आहे ताई.

केतकी (सी-२०४): मग हा भाग तुला अर्धाच मिळेल. पॅडची काडी सोडली की गेम चाकं मध्यावर आणायला लागतो, सरकण्याच्या दिशेकडे नाही. कास्टरचा कॅम्बरवरचा परिणाम मात्र पूर्ण मिळतो. बाजू बदलताना काडी सोडून देऊ नकोस, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढत ने.

ईशान (बी-३०१): आणि गिरकीचं दुसरं कारण मागचा टो. शून्य ठेवलास म्हणून वजन फेकलं जाताना मागची चाकं भरकटतात. मागे ०.१ ते ०.२ टो-इन दे. जास्त नको. ०.५ दिलास तर गाडी मध्येच सरळ व्हायला लागेल आणि वाटेल इंजिनात जोर नाही.

सोहम (ए-५०२): टो-इन म्हणजे अधिक की वजा? +०.२ टाकला तर गिरक्या वाढल्या 😅

मंदार (बी-७०३): होरायझनमध्ये अधिक म्हणजे आउट, वजा म्हणजे इन. तू मागे टो-आउट दिलास. मागे टो-आउट म्हणजे बाजू बदलताना शेपटाला मोकळं रान.

देशपांडे काका (ए-१०१): वर्कशॉपमध्ये नेमकं उलटं असतं हो. अलाइनमेंटच्या मशिनवर अधिक म्हणजे इन. गाडीची माहिती असलेले लोक म्हणूनच इथे फसतात. स्लायडरच्या टोकाला काय लिहिलंय ते वाचायचं, चिन्हावर विश्वास ठेवायचा नाही.

केतकी (सी-२०४): असेट्टो कोर्सात बऱ्याच गाड्यांना टो अंशांत नसतोच, क्लिकमध्ये असतो. एका गाडीचे क्लिक दुसरीला लावायचे नाहीत. कुठली बाजू इन ते कळत नसेल तर एका टोकाला पूर्ण नेऊन सरळ रस्त्यावर चालवा, नंतर दुसऱ्या टोकाला. पुढे टो-आउट असताना गाडी सरळ चालताना अस्वस्थ होते, सारखी इकडेतिकडे बघते.

सोहम (ए-५०२): आणि पुढचा टो? तिथे आउट देतात म्हणे.

मंदार (बी-७०३): हो, ०.३ ते १.० आउट. मघाचंच डावं वळण घे. टो-आउटमुळे पुढचं उजवं चाक आधीच थोडं उजवीकडे बघतंय. उलट स्टिअरिंगही उजवीकडे. म्हणजे भाराच्या चाकाला लॉक फुकटात थोडा वाढून मिळाला. शिरतानाही नाक पटकन वळतं.

ईशान (बी-३०१): काही ट्यूनमध्ये (लोकांनी केलेल्या सेटिंगमध्ये) ५.० आउट असतो. अँगल खरंच वाढतो.

देशपांडे काका (ए-१०१): वाढतो, पण दुसरं चाक फरफटतं. साध्या गाडीच्या अकरमन भूमितीत स्टिअरिंगच्या आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं. ड्रिफ्टमध्ये हे आतलं चाक म्हणजे आपलं भाराचं चाक. कमी भाराचं दुसरं पुढचं चाक आधीच कमी वळलंय, टो-आउटने ते आणखी कमी वळणार. दोन्ही चाकं वेगळ्या दिशांना बघतात, वेग खातात. म्हणून खऱ्या ड्रिफ्ट गाड्यांत अकरमन कमी करून चाकं जवळपास समांतर ठेवतात. होरायझनच्या मेनूत अकरमन नाही, तेव्हा टो-आउट आवरता ठेवणं एवढंच हातात.

केतकी (सी-२०४): कार-एक्स या ड्रिफ्टच्या गेममध्ये स्टिअरिंग अँगल आणि अकरमन दोन्ही बदलता येतात. तिथे लॉकसाठी टो-आउट वापरायची गरजच नाही. अँगल वाढवा, पुढचा टो शून्याजवळ ठेवा.

मंदार (बी-७०३): ५.० आउटची गाडी ओळखायची खूण: ड्रिफ्टमध्ये वेग पडत जातो, तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरावं लागतं आणि आपण उगाच गिअरिंगला दोष देतो.

सोहम (ए-५०२): ओके. मागचा कॅम्बर किती कमी करू?

मंदार (बी-७०३): -०.५ ला आण. थ्रॉटल दिला की मागचा भाग बसतो आणि बसताना कॅम्बर आपोआप थोडा निगेटिव्ह होतो. त्यात -२.० ची भर घातली की टायर आतल्या कडेवर फिरतो, जोर रस्त्याला पोहोचत नाही. ड्रिफ्ट चालू असताना बाहेरचं मागचं चाक ० ते -०.५ दाखवतंय ना, तेवढं बघायचं.

ईशान (बी-३०१): अपवाद: २५० हॉर्सपॉवरची गाडी. तिला चाक सोडवायलाच जोर पुरत नाही, तिथे मागे -१.५ ते -२.० मुद्दाम ठेवतात, ग्रिप कमी व्हावी म्हणून.

सोहम (ए-५०२): चालताना कॅम्बर दिसतो कुठे?

मंदार (बी-७०३): टेलिमेट्रीत (गाडीचे चालू आकडे दाखवणारी स्क्रीन), टायर्सच्या पानावर, चारही चाकांचा. पण ड्रिफ्ट करताना वाचायला जाऊ नकोस, भिंतीत जाशील. टेलिमेट्री उघडी ठेवून स्क्रीन रेकॉर्ड कर. नंतर पॉज करून, अँगल सगळ्यात जास्त असलेल्या फ्रेमला पुढच्या भाराच्या चाकाचा आकडा बघ. पॉझिटिव्ह असेल तर कॅम्बर आणखी निगेटिव्ह. -१.५ पेक्षा खाली असेल तर थोडा कमी कर.

सोहम (ए-५०२): तापमान बघून नाही चालणार? सर्किटला आतली कड थोडी गरम हवी म्हणतात.

देशपांडे काका (ए-१०१): ड्रिफ्टला ते फसवं. डाव्या वळणात उजवं चाक शून्याजवळ उभं, उजव्या वळणात तेच चाक कमी भाराचं होतं आणि -५ मध्ये आणखी ४.५ ची भर पडून -९.५ वर जातं. वर सरळ रस्त्यावर -५. सगळ्याची सरासरी म्हणून आतली कड गरम दिसणारच. ते बघून कॅम्बर कमी केलास की परत पहिल्या तक्रारीवर येशील. मागच्या टायरचं तापमान मात्र वाच, ती चाकं वळत नाहीत.

मंदार (बी-७०३): सोहम, एकदम टाकून बघ:
पुढे कॅम्बर -४.५, मागे -०.५
पुढे टो ०.५ आउट, मागे ०.१ इन
कास्टर ७.०
मग एकाच वळणावर, त्याच गिअरमध्ये, डावी-उजवी दोन्हीकडून. एका वेळी एकच गोष्ट हलव: कॅम्बर अर्ध्या अंशाने, टो ०.१ ने.

केतकी (सी-२०४): त्याआधी राइड हाइट आणि स्प्रिंग ठरवून टाक. उंची बदलली की सस्पेन्शन वेगळ्या जागी बसतं, चालताना मिळणारा कॅम्बर बदलतो आणि ही सगळी मेहनत पुन्हा. अलाइनमेंट नेहमी त्यानंतर.

*(संध्याकाळी)*

सोहम (ए-५०२): नाक धरतंय आता! रेकॉर्डिंगमध्ये भाराचं चाक -०.२. बाजू बदलतानाही गिरकी नाही. पण थ्रॉटल एकदम सोडला की शेपूट झटका देतं.

ईशान (बी-३०१): ते अलाइनमेंटचं नाही. डिफरन्शियलचा (दोन चाकांत जोर वाटणारा भाग) डीसेलरेशन बघ, किती आहे?

सोहम (ए-५०२): ०.

ईशान (बी-३०१): मग थ्रॉटल सोडताच डिफ उघडतो, दोन मागची चाकं वेगवेगळी फिरायला लागतात. अॅक्सेलरेशन १०० ठेव, डीसेलरेशन ५० पासून वर चढवत जा. टोला हात लावू नकोस, तो आता बसलाय.

कुणाल (सी-६०१): मंदार दादा, तुमच्या ट्यूनचा शेअर कोड द्या ना, सरळ डाउनलोड करतो.

मंदार (बी-७०३): देतो, पण डाउनलोड केलेली ट्यून लॉक असते. आकडे दिसत नाहीत, बदलताही येत नाहीत. वरचे आकडे हाताने टाक. तुझी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे ना?

कुणाल (सी-६०१): हो.

मंदार (बी-७०३): मग जसेच्या तसे नको. पुढची चाकं गाडी ओढतात, त्यामुळे उलट स्टिअरिंग कमी लागतं, लॉक २०-२५ अंशांवरच राहतो. ७ × ०.४२ = ३. पुढे -३.० ते -३.५ पुरे, पुढचा टो शून्याजवळ, नाहीतर ओढणारी चाकंच एकमेकांशी भांडतात. सेंटर डिफ ८० टक्के मागे दे आणि मग रेकॉर्डिंग टाक इथे, बघतो.